मायनर ओटी आखताना: आधी फोर्सेपची वाट, मग टेबल

नवं क्लिनिक बांधायला काढलं की मायनर ओटीची, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांच्या खोलीची, चर्चा टेबलापासून सुरू होते. हायड्रॉलिक घ्यायचं की साधं, वरचा लाइट एका घुमटाचा की दोन, एसी कुठल्या कंपनीचा. यातलं काहीच बिनमहत्त्वाचं नाही, पण हे सगळं नंतरचं. आधी कागदावर एक वाट काढायची. गळू फोडून झालं, पूने माखलेला आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा, ट्रेमध्ये पडला. तिथून तो कुठे जातो? कुठे धुतला जातो, कुठे वाळतो, कुठे बांधला जातो, आणि उद्या सकाळी स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, होऊन परत हातात येईपर्यंत किती स्वच्छ वस्तूंना घासून जातो? ही वाट एकेरी असेल तर १० बाय १२ ची खोलीही उत्तम चालते. वाट उलटसुलट असेल तर १५ बाय २० च्या खोलीतही टाके पिकतात.

आधी कामाचा अंदाज. सांगली-मिरजेकडच्या जनरल प्रॅक्टिसमध्ये किंवा छोट्या सर्जिकल क्लिनिकमध्ये काय येतं? गळू, चरबीची गाठ, कुरूप, मांसात रुतलेलं नख, डायबेटिक पायाचं ड्रेसिंग, जड झुब्यांनी फाटलेली कानाची पाळी, तांबी बसवणं. ऊसतोड सुरू झाली की कोयत्याचे घाव. उजव्या हातात कोयता म्हणजे घाव बहुधा डाव्या हाताच्या बोटांवर नाहीतर डाव्या नडगीवर. ऑक्टोबरात तासगाव भागात द्राक्षाची छाटणी निघते, तेव्हा कात्रीने कापलेली बोटं. यातले निम्मे पेशंट शेतातून थेट येतात. पायाला चिखल, जखमेवर हळद दाबलेली, आणि सोबत चार माणसं. पुण्या-मुंबईच्या क्लिनिकचा नकाशा इथे जसाच्या तसा उतरवता येत नाही तो यामुळेच. मायनर ओटीच्या आधी, बाहेरच्या अंगाला, बसून पाय धुता येतील अशी दीड फूट उंचीची पायरी आणि हँडशॉवर हवाच. तो नसेल तर चिखल टेबलापर्यंत जातो आणि जखम धुतलेलं पाणी फरशीवर सांडतं.

आता मापं. टेबल साधारण ६ फूट लांब, २ फूट रुंद. डोक्याकडे ३ फूट मोकळे हवेत, कारण पेशंटला चक्कर आली, उलटी झाली किंवा श्वास अडला तर मागे उभं राहून मान धरावी लागते. पायाकडेही ३ फूट. झाले १२. रुंदीत डॉक्टर उभे राहतात त्या बाजूला ३ फूट, टेबल २, समोर सिस्टरला साडेतीन आणि भिंतीला दीड फूट खोलीचा ओटा. झाले १०. ही १२ बाय १० ची मापं प्लॅस्टर झाल्यावरची, आतून आतपर्यंतची मोजायची. विटेच्या मापाने धरली की दोन्ही बाजूंचं प्लॅस्टर आणि टाइल मिळून तीन-चार इंच जातात, आणि ते जातात नेमके डॉक्टरांच्या पाठीमागून.

बहुतेक सर्जन पेशंटच्या उजव्या अंगाला उभे राहतात, म्हणून स्वच्छ ओटा पेशंटच्या डाव्या हाताच्या भिंतीला. दार डोक्याकडच्या भिंतीत, डॉक्टरांच्या बाजूच्या कोपऱ्यात. स्ट्रेचर सरळ आत येऊन टेबलाला समांतर लागतं आणि पेशंटला उचलावं लागत नाही, सरकवता येतं. डोकं दाराकडे ठेवण्याचं दुसरं कारण म्हणजे अब्रू. तांबी बसवताना कोणी दार ढकललं तर समोर पेशंटचे पाय येता कामा नयेत. शिवाय ऑक्सिजन, सक्शन (रक्त, उलटी ओढून घ्यायचं यंत्र) आणि इमर्जन्सी ट्रे दारातून शिरताच हाताशी लागतात. एक गोष्ट प्लॉटच्या दिशेवर अवलंबून आहे, पण जमली तर पाळावी: उत्तरेला डोकं करून निजवलं तर घरची म्हातारी माणसं अस्वस्थ होतात, काही तर बोलूनही दाखवतात. वास्तू मानायची की नाही हा वाद तुम्ही घरी घाला. घाबरलेल्या पेशंटशी तो घालायची जागा टेबल नव्हे.

दार ४ फुटांचं. सुतार म्हणतो ३ फूट पुरे, घरात तेवढंच असतं. ते गणित करून बघा. साडेसहा फुटी, २ फूट रुंद स्ट्रेचर साडेतीन फुटी बोळातून ३ फुटी दारात काटकोनात वळतच नाही. बोळ आणि दार दोन्ही ४ फुटांचे असतील तर वळतं, तेही जेमतेम. म्हणून शक्य असेल तिथे दार बोळाच्या टोकालाच समोरासमोर घ्यावं, वळणच नको. दार आत उघडणारं, बिजागरी कोपऱ्याच्या बाजूला, म्हणजे उघडलं की भिंतीला चिकटून राहतं आणि हात धुऊन आलेल्या डॉक्टरांना खांद्याने ढकलता येतं. सरकतं दार दिसायला छान, पण खालच्या पट्टीत धूळ, केस आणि गॉजचे धागे साठतात.

खरी किल्ली आहे पायाकडच्या भिंतीमागे. तिथे १० फूट लांब, ५ फूट रुंद अशी एक मागची खोली घ्यायची, धुण्याची आणि ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची. तिच्या आणि मायनर ओटीच्या मधल्या भिंतीत दोन लहान खिडक्या, दीड फूट बाय दीड फूट, सरकत्या स्टीलच्या झडपांच्या. डॉक्टरांच्या बाजूची खिडकी मळक्या सामानाची, ओट्याच्या बाजूची स्वच्छ सामानाची. वापरलेला ट्रे उजवीकडून आत जातो. मागच्या खोलीत एकाच सलग ओट्यावर ओळीने सिंक, निथळायची जाळी, बांधणीची जागा, ऑटोक्लेव्ह आणि गार करायचं रॅक. तिथून डावीकडच्या खिडकीतून गुंडाळलेले सेट थेट स्वच्छ ओट्यावर. फोर्सेपने पूर्ण फेरी मारली, पण एकदाही उलटा फिरला नाही. ऑटोक्लेव्हची वाफ आणि उष्णताही मागेच राहते, तिच्यासाठी एक्झॉस्ट फॅन त्याच खोलीत.

हे सगळं मिळून १० बाय १७ होतं. एवढी जागा नसेल तर मागची खोली काढून टाकू नका, पुढची कापा. ओटा दीड फुटाऐवजी सव्वा फूट करा, पायाकडचे ३ फूट अडीच करा. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सिंक आणि बांधणीची जागा एक झाल्यावर. धुताना उडालेलं पाणी शेजारी घडी घालून ठेवलेल्या गॉजवर पडतं, ते कोणाला दिसत नाही. जागा अगदीच नसेल तर निदान मध्ये दीड फूट उंचीची काच किंवा स्टीलचा आडोसा उभा करा.

मिस्त्री बोलावण्याआधी हा सगळा नकाशा गच्चीवर किंवा मोकळ्या स्लॅबवर खडूने खऱ्या मापात काढा. टेबल म्हणून खाट टाका, ओटा म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने लावा. एकाला झोपवा, दुसऱ्याला सिस्टर करा आणि एक गळू फोडायचा पूर्ण प्रयोग करा. पोव्हिडोन (तपकिरी जंतुनाशक) लावणं, लोकल (जागा बधिर करायचं इंजेक्शन) देणं, पाच मिनिटं थांबणं, चीर, पू पुसणं, गॉज भरणं, पट्टी. सिस्टरची पावलं मोजा. ट्रे नीट लावला असेल तर मधल्या वेळात सिस्टरला दोनदा-तीनदाच ओट्याकडे वळावं लागतं. दहा वेळा वळावं लागलं तर वस्तू चुकीच्या जागी आहेत किंवा ट्रेमध्ये कमी आहेत. खडूची रेघ पुसून दुसरी ओढायला एक मिनिट लागतं, वीट हलवायला आठवडा.

हात धुण्याचं बेसिन खोलीत घेऊ नका, दाराबाहेर लगेच घ्या. बेसिनच्या खालच्या वाकड्या पाइपात कायम पाणी साठलेलं असतं आणि त्यात जंतू राहतात. नळाची धार थेट जाळीच्या भोकावर पडली की तेच पाणी तुषार होऊन वर उडतं. त्यामुळे नळ असा बसवायचा की धार भोकाच्या पुढे, बेसिनच्या उतारावर पडेल. नळ कोपराने चालणारा, बेसिन खोल, ओव्हरफ्लोचं भोक नसलेलं. खोलीच्या आत फक्त हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं अल्कोहोलवालं जंतुनाशक, दोन ठिकाणी: दाराशी आणि ओट्याच्या मध्यावर. हाताला रक्त लागलं असेल तर हँडरब चालत नाही, पाणी-साबणच. त्यासाठी मागच्या खोलीत हात धुण्याचं वेगळं छोटं बेसिन. हत्यारं धुण्याच्या सिंकमध्ये हात धुवायचे नाहीत. फरशीला जाळीचं भोक, म्हणजे नहाणी ट्रॅप, मायनर ओटीत मुळीच नको. प्लंबर 'धुवायला बरं पडतं' म्हणून आग्रह धरतो. चार महिन्यांनी त्यातून वास येतो आणि रात्री झुरळं.

फरशी मॅट व्हिट्रिफाइड, मोठ्या तुकड्यांची, सांधे इपॉक्सीने भरलेले. पांढऱ्या सिमेंटने भरलेले सांधे पोव्हिडोन पिऊन पहिल्या महिन्यातच पिवळे पडतात, आणि जो सांधा पोव्हिडोन पितो तो रक्तही पितो. कोटा फरशी टिकाऊ असली तरी व्हिट्रिफाइडपेक्षा सच्छिद्र, इथे नको. चकचकीत टाइलवर ओल्या पावलांनी सिस्टर घसरतात आणि वरच्या लाइटची तिरीप डोळ्यांत येते. भिंत आणि फरशीचा कोन गोल करून घ्या, चार इंचांचा, म्हणजे पोछा कोपऱ्यात अडत नाही. भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल किंवा धुता येईल असा इपॉक्सी रंग.

ओट्याला काळा ग्रॅनाइट नको. स्वयंपाकघराच्या सवयीने सगळे तोच निवडतात, मळ दिसत नाही म्हणून. इथे मळ दिसायलाच हवा. काळ्या दगडावर सुकलेला रक्ताचा थेंब कोणाला कळत नाही. फिकट रंगाचा दगड किंवा ३०४ ग्रेडचं स्टील घ्या, मध्ये जोड न येता सलग. खालची कपाटं प्लायवूडची केली तर दोन पावसाळ्यांत फुगतात. स्टील किंवा अॅल्युमिनियमची, जमिनीपासून आठ इंच उचललेली, म्हणजे खालून पोछा फिरतो. वरच्या कपाटाचा माथा सपाट ठेवलात तर त्यावर रिकामे खोके, जुनी कॅलेंडरं आणि धूळ जमणारच. माथा उतरता करा, छपरासारखा. कपाटाची खोली बारा इंचांपेक्षा जास्त नको. खोल कपाटात मागची वस्तू मुदत संपेपर्यंत मागेच राहते.

लाइट दोन प्रकारचे आणि दोन्ही लागतात. खोलीच्या साध्या उजेडाचा हिशोब असा: १२० चौरस फूट म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. ५०० लक्स हवेत तर साडेपाच हजार ल्युमेन कामाच्या उंचीवर पोचले पाहिजेत. भिंती, छत आणि कव्हर उजेड खातात, म्हणून लावायचे नऊ हजारांच्या आसपास. १८ वॅटचा चांगला एलईडी पॅनल साधारण १८०० ल्युमेन देतो, म्हणजे पाच पॅनल. ते टेबलाच्या बरोबर वर नकोत, दोन्ही बाजूंना. पेशंट उताणा पडलेला असतो, अर्धा तास त्या दिव्याकडेच बघणार.

वरचा प्रोसिजर लाइट ४० ते ६० हजार लक्सचा पुरतो. त्याहून मोठा घुमट मेजर ओटीचा. रंग नीट दिसण्याचा आकडा, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर हवा, नाहीतर मेलेली कातडी आणि जिवंत कातडी यातला फरक दिव्याखाली कळत नाही आणि डायबेटिक पायात त्याचीच किंमत मोजावी लागते. छताला टांगायचा तर छत १० फूट हवं आणि बोल्ट स्लॅबमध्येच जायला हवेत, पीओपीच्या चौकटीत नाहीत. नऊ फुटी छत असेल तर भिंतीवरचा लाइट घ्या. चाकांचा स्टँड लाइट पहिल्या दिवशी सोयीचा वाटतो, पुढे त्याची वायर पायात येते आणि ज्याने त्याने हँडल उघड्या हाताने धरलेलं असतं. हँडलवर ऑटोक्लेव्ह होणारी टोपी येते, ती दोन घ्या.

टेबलाची उंची हा दुर्लक्षित विषय आहे. ३० इंचांवर फिक्स टेबल म्हणजे उभ्याने काम करणाऱ्याची कंबर गेली. उभं राहून काम करायला टेबल कोपराच्या किंचित खाली, ३६ ते ४० इंचांवर यावं लागतं, आणि म्हाताऱ्या बाईला चढायला २४ इंच. दोन्ही एकाच टेबलावर हवं तर वर-खाली होणारं टेबल घ्यावं लागतं, तिथे पैसे वाचवू नयेत. वाचवायचे असतील तर दुहेरी घुमटात वाचवा.

वीज. प्लॅस्टरच्या आधी इलेक्ट्रिशियनला कागद द्या, तोंडी सांगू नका. सॉकेट फरशीपासून साडेतीन-चार फुटांवर, घरातल्यासारखे पायाशी नाहीत. ओट्यावर सहा, डोक्याकडे चार, लाइटला स्वतंत्र ओळ. ऑटोक्लेव्हला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि वेगळा एमसीबी. सगळ्या ओळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. अर्थिंगची खिळी पुरून झाली की व्होल्टमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा, दोन-तीनपेक्षा जास्त दाखवत असेल तर कॉटरी (विजेच्या उष्णतेने रक्त थांबवायचं यंत्र) लावण्याआधी ते दुरुस्त करा. कॉटरीबद्दल आणखी एक: स्पिरिटचं किंवा अल्कोहोलवालं औषध लावलं असेल तर ते पूर्ण वाळू द्यायचं, किमान तीन मिनिटं, आणि पाठीखाली किंवा बेंबीत साठलेलं टिपून घ्यायचं. ओल्या स्पिरिटवर कॉटरीची ठिणगी पडली की पेटतं, आणि तेजस्वी लाइटखाली ती निळी ज्योत दिसतही नाही.

महावितरणची वीज टाक्याच्या मध्यावर जाते, हे गृहीत धरूनच हिशोब. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर. प्रत्यक्षात इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरीचं वय धरून ११०० च्या आसपास. पॅनल ९०, प्रोसिजर लाइट ५०, सक्शन दीड-दोनशे वॅट, म्हणजे साडेतीनशेचा भार धरला तर तीन तास. पुरेसं आहे. एसी आणि ऑटोक्लेव्ह त्यावर टाकायचे नाहीत, दोन किलोवॅटचा ऑटोक्लेव्ह तो इन्व्हर्टर बंद पाडतो.

पंखा नको, पाती वर्षभराची धूळ जखमेवर झाडतात. एसी एक टनाचा पुरतो. वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली असाल तर एप्रिल-मेच्या उन्हात दीड टन. एसीचा झोत ट्रेवर किंवा जखमेवर येऊ नये, तो पायाकडून आडवा जावा. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. म्हणून दोन केसच्या मध्ये जाळीची खिडकी दहा मिनिटं उघडायची. एक्झॉस्ट मायनर ओटीत लावला तर तो बोळातली धूळ दाराच्या फटीतून आत ओढतो. एसीच्या पाण्याची नळी बेसिनच्या पाइपात जोडू नका, वास उलटा येतो. अल्ट्राव्हायोलेट ट्यूब रात्रभर लावून 'खोली स्टराइल केली' असं समजणाऱ्यांची संख्या अजून बरीच आहे. किरण जिथे सरळ पोचतात तिथेच काम होतं, टेबलाखाली आणि कपाटामागे नाही. पोछ्याला तो पर्याय नव्हे.

ऑटोक्लेव्हवर थोडं थांबू, कारण सगळी खोली शेवटी यावरच टेकलेली आहे. गुंडाळलेल्या सेटला १२१ अंशांवर ३० मिनिटं. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून, बटण दाबल्यापासून नाही. उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये सगळ्यात जास्त चुकतं ते हवा काढण्यात. पाणी उकळल्यावर व्हॉल्व्हमधून आधी हवा-वाफेचं मिश्रण फुसफुसत येतं. ते थांबून सलग, जोरात, पांढरी वाफ किमान पाच मिनिटं येऊ द्यायची, मग व्हॉल्व्ह बंद. घाईत आधी बंद केला तर काटा १५ पौंड दाखवतो, पण तो दाब हवेचा असतो, आत १२१ अंश नसतात. काटा बरोबर आणि हत्यारं कच्ची.

यात आपल्या भागाची एक बारीक गोष्ट आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. इथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून काट्यावरच्या १५ पौंडांना आत १२१ नव्हे, १२० अंश मिळतात. सातारा याहून उंच, आणि १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला तूट जवळजवळ अडीच अंशांची होते. नियम सोपा आहे: दर हजार फुटांना अर्धा पौंड वाढवायचा. सांगलीत १६, साताऱ्यात १६ च्या किंचित वर, महाबळेश्वरला १७ च्या थोडं वर. तुमच्या यंत्राची कमाल मर्यादा त्याच्या पाटीवर बघूनच. तेवढी परवानगी नसेल तर व्हॉल्व्हशी खेळ न करता वेळ वाढवा.

गॉज-कापड ठेवायचा स्टीलचा ड्रम ठासून भरायचा नाही, आत हात सहज जाईल एवढी जागा हवी. ड्रमच्या बाजूची भोकं ऑटोक्लेव्हमध्ये उघडी आणि बाहेर काढताच बंद, हे मावशींना एकदा सांगून भागत नाही, झाकणावर रंगाने लिहा. काढल्यावर गॉज ओला लागला तर तो सेट स्टराइल नाही, ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. बोअरचं पाणी घातलं तर कॉइलवर खडूसारखा थर चढतो, चक्राला लागणारा वेळ वाढत जातो आणि एक दिवस कॉइल जाते. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घाला. पुड्यावर चिकटवलेल्या ऑटोक्लेव्ह टेपवरचे काळे पट्टे एवढंच सांगतात की हा पुडा आत जाऊन आला. आत नीट शिजला की नाही ते पुड्याच्या पोटात ठेवलेली इंडिकेटर पट्टी सांगते, आणि आठवड्यातून एकदा बीजाणूंची चाचणी. उकळत्या पाण्याचा बॉयलर म्हणजे स्टरिलायझेशन नव्हे. तो विषय आता संपायला हवा.

तापणं, ३० मिनिटं, दाब उतरणं, वाळणं मिळून एक चक्र दीड तास खातं. सकाळच्या तीन तासांच्या ओपीडीत सहा केस होत असतील तर मधल्या चक्रावर विसंबायचं नाही: सहा अधिक दोन, असे आठ सेट. एका सेटमध्ये सहा इंची नीडल होल्डर, दातांचा आणि बिनदातांचा चिमटा, मॉस्किटो आर्टरी चार, कात्री, तीन नंबरचं हँडल, वाटी, गॉजचे दहा तुकडे आणि एक भोकाचं कापड. पंधरा नंबरचं ब्लेड कानाच्या पाळीला आणि गाठीला, अकरा नंबरचं गळवाला. ब्लेड सेटमध्ये बांधू नका, सीलबंद पाकिटातून वर टाका. आणि तो सॅव्हलॉनच्या बरणीत उभा ठेवलेला चीटल फोर्सेप, स्टराइल वस्तू उचलायचा तो लांब चिमटा! आठवडाभर तेच पाणी असलेली ती बरणी म्हणजे जंतूंचं वसतिगृह. बरणी आणि चीटल दोन्ही ऑटोक्लेव्ह करून कोरडे ठेवा, दर सत्राला बदला.

धुण्याबद्दल दोनच वाक्यं: हत्यारं हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) बुडवू नका, स्टीलला खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत रक्त बसतं. एन्झाइमच्या पाण्यात सांधे उघडून दहा मिनिटं, मग पाण्याखाली ब्रश. हायपोक्लोराइट फरशीला आणि सांडलेल्या रक्ताला, १ टक्क्याचं. पाच टक्क्यांची बाटली असेल तर १ भाग औषध आणि ४ भाग पाणी, दहा टक्क्यांची असेल तर १ ला ९. रोज सकाळी नवं. कालचं द्रावण म्हणजे वास उरलेलं पाणी.

कचऱ्याचे डबे नकाशावरच काढा, उरलेल्या जागेत कोंबू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताचा गॉज आणि कापलेली गाठ पिवळ्यात, ग्लोव्हज आणि सुईविना सिरिंज, नळ्या लालमध्ये, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, फुटलेल्या अँप्यूल निळ्यात. पांढरा डबा आणि नीडल कटर डॉक्टरांच्या हाताच्या टप्प्यात हवा. सुई हातात घेऊन चार पावलं चालावं लागलं की कोणीतरी टोपण परत लावायला जातं आणि बोटात टोचून घेतं. डबा पाऊण भरला की बंद. बारकोडच्या पिशव्या ४८ तासांच्या आत उचलल्या गेल्या पाहिजेत, म्हणून त्या बाहेर नेण्याची वाट मागच्या खोलीतून ठेवा, वेटिंगमधून नाही. बेड नसलेल्या क्लिनिकलाही प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं, ते उद्घाटनाआधी काढा.

डोक्याकडच्या भिंतीला ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर, साखळीने बांधलेला, चावी सिलिंडरलाच लटकवलेली. भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर, म्हणजे मिनिटाला १० लिटरने अडीच तास. शेजारी सक्शन, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), आणि एका लाल ट्रेमध्ये अॅड्रेनालिन. भिंतीवर ठळक अक्षरात: मोठ्या माणसाला औषधाची जीवघेणी अॅलर्जिक रिअॅक्शन आली तर १ मिलिला १ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधलं अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. त्याच कागदावर लिग्नोकेनचा, म्हणजे बधिर करायच्या औषधाचा, हिशोब. साधं लिग्नोकेन किलोला जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईला २२५ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं ११ मिलि, बास. मोठी गाठ असेल तर सलाईन घालून १ टक्का करा, तेवढ्याच औषधात दुप्पट जागा भिजते.

नातेवाईक एकच आत, आणि त्याला पाठ असलेली खुर्ची, पेशंटच्या डोक्याशी, जखम दिसणार नाही अशी. 'मला काय होत नाही डॉक्टर' म्हणणारा धिप्पाड मेव्हणाच आधी कोसळतो, आणि स्टुलावरून कोसळला तर दुसरी केस तयार होते.

तळमजल्यावर क्लिनिक असेल आणि पत्ता सांगलीत मारुती चौक, हरभट रोड किंवा टिळक चौकाजवळचा असेल, तर २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर विसरून आखणी करता येणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांना पोचलं की इशारा, ४५ ला धोका. शेजाऱ्यांना विचारून २०१९ ची पाण्याची रेघ भिंतीवर शोधा. मीटर, इन्व्हर्टर, बॅटरी आणि मुख्य बोर्ड त्या रेघेच्या वर, नाहीतर पहिल्या मजल्यावर. टेबल आणि ऑटोक्लेव्ह उचलून नेता येतील असे जोडा, स्क्रू उघडायला पाना ठरलेल्या जागी टांगलेला. ४० ला निरोप आला की ते हलवायला दोन माणसांना एक तास पुरला पाहिजे.

सगळं बसवून झालं, पूजा झाली, की पहिला पेशंट घेण्याआधी संध्याकाळी अंधार पडल्यावर एक प्रयोग. स्टाफमधल्या कोणालातरी टेबलावर झोपवा, ट्रे उघडा, हातमोजे घाला, पॅडवर टाके घालायला लागा, आणि तिसऱ्या टाक्याला बाहेरच्या माणसाला मेन स्विच पाडायला सांगा. लाइट चालू राहिला का, सक्शन ओढतंय का, ऑक्सिजनची चावी अंधारात किती सेकंदांत सापडली, सिस्टरचा पाय कुठल्या वायरीत अडकला, ते लगेच लिहून काढा. इलेक्ट्रिशियनचं शेवटचं बिल त्यानंतर द्या.